हौसाकाकी गोड बोलू लागली तेव्हा

रत्नागिरीच्या कोर्टामागच्या गल्लीत हौसाबाई मयेकरांची खाणावळ होती. तिला पाटी नव्हती आणि लागतही नव्हती. दुपारी जेवणाच्या वेळी तिथून जो आवाज यायचा, त्याच्या रोखानं चालत गेलं की नवखा माणूससुद्धा बरोबर दारात पोचायचा.

मी १९९८ साली चिपळूणहून सनद घेऊन तिथं वकिली करायला आलो. कामं नव्हती, पण भूक वेळेवर लागायची. सीनियर पहिल्याच दिवशी मला हौसाकाकीकडे घेऊन गेले.

"नाव काय रे तुझं?" काकीनं ताट ठेवता ठेवता विचारलं.

"शार्दूल."

"म्हणजे काय?"

"वाघ."

तिनं मला शेंडीपासून चपलेपर्यंत पाहिलं. "वाघ! आणि कालवण फुंकून खातोयस?"

सगळी पंगत हसली. त्या दिवसापासून मी नेमानं तिथं जायला लागलो. असा अपमान करून घ्यायला माणसं का जातात हे माशाच्या तिखल्याचा पहिला घास पोटात गेल्यावर कळायचं. बांगडा असा, की काटा काढताना वाईट वाटावं. सोलकढी वाटी वाटीनं यायची आणि प्रत्येक वाटीबरोबर एक शेरा. भात खाली मान घालून मागितला तर, "भीक मागतोस काय मेल्या?" वर मान करून मागितला तर, "डोळे कोणावर वटारतोस?" मागायची योग्य पद्धत आमच्यापैकी कुणालाच शेवटपर्यंत सापडली नाही. एका मोठ्या साहेबांचा डबा जायचा, त्यांनी एकदा शिपायाबरोबर निरोप पाठवला, की आज मीठ कमी होतं. काकीनं तोच शिपाई परत पाठवला. "म्हणावं, निकाल देताना चव घेऊन बघता काय? गिळा."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा डबा नेहमीसारखाच गेला, आणि नेहमीसारखाच रिकामा परत आला.

काकी जवळच्याच मिऱ्या गावची. लग्न झालं ते आत्माराम मयेकरांशी. ते बोटीवर इंजिनखोलीत होते, वर्षातून एकदा घरी यायचे, आणि तीस वर्षांच्या त्या धडधडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. संसार सुखाचा झाला याचं श्रेय गल्लीतले लोक बोटीच्या इंजिनाला द्यायचे. निवृत्त झाल्यावर ते खाणावळीच्या पडवीत बसून मासळी साफ करायचे आणि सगळ्यांकडे बघून प्रसन्न हसायचे. मुलगा संदेश मिरजोळ्याला कारखान्यात होता. त्यानं त्याच वर्षी लग्न केलं आणि वैष्णवी नावाची एक लहानखुरी, भित्र्या डोळ्यांची मुलगी या तोफेच्या तोंडी आणून दिली. पोरगी रोज सकाळी अंघोळीला जायची आणि रडून यायची. मग पदर खोचून वाटण वाटायला बसायची.

त्याच वर्षाच्या शेवटी काकी पहिल्यांदा पडली. एका बेलिफाला ती झापत होती. वाक्य चांगलं रंगात आलं होतं, आणि मधेच तिनं छातीवर हात ठेवला. "आत घोडा सुटलाय माझ्या," म्हणाली आणि बाकावरच आडवी झाली. बेलीफ घाबरून ताटासकट उठला. नाडी इतकी वेगात आणि इतकी वेडीवाकडी चालली होती, की गल्लीतल्या डॉक्टरांना मोजताच येईना. गाडी करून तिला मुंबईला नेली. तिथल्या मोठ्या इस्पितळात घोडा पकडला आणि तिला एक गोळी लावून दिली. नाव अमिओडॅरोन. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गोळी चुकवायची नाही, आणि दर सहा महिन्यांनी तुमच्या तिथल्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्यायच्या." काकीनं पहिलं अर्धं वाक्य नीट ऐकलं. दुसरं अर्धं आत्मारामना ऐकायला ठेवलं असावं.

गोळी मात्र अक्सीर निघाली. घोडा पागेत गेला तो गेलाच. काकी परत आली आणि बेलिफाचं अर्धवट राहिलेलं वाक्य तिनं त्याच दुपारी पुरं केलं.

दोनेक वर्षांनी डॉक्टर ऋजुता बेहेरे रत्नागिरीत आल्या. उंच, सडपातळ, चष्मा सारखा नाकावर खाली येणारा. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या औषधांची त्यांनी धास्तीच घेतली होती, आणि त्याला कारणही होतं. अलोऱ्याच्या कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. त्यांना एका डॉक्टरनं एका नावानं डिगॉक्सिन दिलेलं, दुसऱ्यानं दुसऱ्या नावानं. गृहस्थ शिस्तीचे, दोन्ही नेमानं घेत होते. जेवण जाईना, ओकाऱ्या व्हायला लागल्या आणि सगळं पिवळं दिसायला लागलं. "बायको पिवळी दिसली," ते नंतर लोकांना सांगायचे, "मला वाटलं, परत हळद लागतेय. पळून जाणार होतो, पण पायात जोर नव्हता." ते वाचले म्हणून हे विनोदी. डॉक्टरीणबाईंनी मात्र ती रात्र त्यांच्या उशाशी बसून काढली होती, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं त्याला त्या 'पहारा' म्हणायच्या. अशा औषधांवरचा प्रत्येक पेशंट मंगळवारी येणार. कार्डिओग्राम, रक्त, छातीचा फोटो, डोळे. ज्याला जे लागेल ते, ठरलेल्या महिन्यात. हातात एक पिवळं कार्ड, त्यावर औषधाचं खरं नाव आणि पुढची तारीख. गावातल्या औषधवाल्यांकडे त्या स्वतः फिरल्या आणि हात जोडून सांगून आल्या, की तारीख उलटलेल्या माणसाला ही औषधं देऊ नका. पुष्कळांनी चहा पाजून वाटेला लावलं. आमच्या गल्लीतल्या काशीराम केमिस्टनं मात्र मनावर घेतलं, आणि पहिलाच नकार द्यायची वेळ त्याच्यावर आली ती हौसाकाकीच्या बाबतीत. त्याच्या धैर्याचं मला अजून कौतुक वाटतं.

"गोळी देत नाय? तुझ्या बापाची काय?"

"काकी, कार्ड दाखवा. तपासणी करून या, मग देतो."

"मी काय गाडी हाय पासिंगला न्यायला?"

शेवटी तिला नेली ती संदेशनं. मंगळवारच्या त्या पहिल्या भेटीला वकील म्हणून सोबत मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "काकी, ही गोळी राखणदारासारखी आहे. चोर पकडते. पण तिच्यावर नजर ठेवली नाही तर घरातलंच काहीतरी उचलते. कुणाच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी झोपवते, कुणाची फुप्फुसं धरते, कुणाचं यकृत."

"माझं काय उचललान ते बघ आणि सांग."

रक्त काढताना तिनं नर्सचा उद्धार केला, फोटो काढताना यंत्राचा. रक्त कोल्हापूरला गेलं, अहवाल आला. सगळं ठणठणीत. झालं! काकीनं तो अहवाल खाणावळीत प्रत्येक ताटाबरोबर वाढला. "एकदा पास झाले ना? मग परत परत परीक्षा कशाला?" पुढच्या सहामाहीला ती गेली नाही. काशीरामनं गोळी नाकारल्यावर तिनं दादरला भावाला फोन लावला. तिथं कार्ड विचारणारं कुणी नव्हतं. भाचा दर दोन महिन्यांनी कोकणात यायचा, तो सुपाऱ्यांच्या पिशवीतून गोळ्या आणायला लागला. पहाऱ्याला तिनं अशी बगल दिली.

मग २००२ च्या उन्हाळ्यात एक विलक्षण गोष्ट घडली.

तोच बेलीफ जेवत होता. त्यानं भात मागितला, मान अंदाजानं अधलीमधली ठेवून. आम्ही सगळे कान देऊन थांबलो. काकी ताटाशी आली, सावकाश वाकली आणि म्हणाली, "घे हो बाळा. पोटभर जेव."

बेलिफाचा घास घशात अडकला. त्याची पाठ दोघांनी चोळली.

दोन-चार दिवस आम्हाला वाटलं, काकी गंमत करतेय, आणि पुढचा टोला जोरात बसणार. टोला आलाच नाही. उलट तिचं बोलणं दिवसेंदिवस मऊ होत गेलं, संथ होत गेलं, आवाज घोगरा आणि खोल. चेहरा भरला, गालांवर तुकतुकी आली. ऐन मे महिन्यात, आमच्या सदऱ्यांना घामाचे नकाशे पडलेले असताना, ती लोकरी स्वेटर घालून चुलीशी बसायची. हाक मारली की ओ यायला इतका वेळ लागायचा, की तोवर माणूस आपण काय मागणार होतो ते विसरायचा. कुणी विचारलं, "काकी, बरं वाटत नाही का?" तर ती हसायची. हसणंही तसंच, विचार करून आल्यासारखं.

बाररूममध्ये तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, देणगी देऊन कुठल्या तरी स्वामींचा अनुग्रह घेतला. या दुसऱ्या तर्काला लवकरच अंग फुटलं. वरच्या आळीत यमुनाबाई म्हणून होत्या, भजनी मंडळाच्या चालक. त्या एकदा डबा सांगायला आल्या आणि काकीनं त्यांच्याकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. यमुनाबाईंना त्या नजरेत समाधी दिसली. दुसऱ्या दिवशी त्या चौघींना घेऊन आल्या. आठवड्याभरात खाणावळीच्या पडवीत दुपारी सतरंजी पडायला लागली, आणि आत्मारामना मासळी साफ करायला मागच्या दारी जावं लागलं.

बायका प्रश्न विचारायच्या. "पोरीचं लग्न कधी जमेल हो?" काकी पेंगायची, मग डोळे उघडायची आणि म्हणायची, "होईल... सगळं होईल." त्या एकमेकींकडे बघून मान डोलवायच्या. यमुनाबाई एकदा हळूच तिच्या पाया पडल्या. जुन्या काकीनं त्यांना वाटीभर रश्श्यासकट गल्लीत काढलं असतं. नवी काकी म्हणाली, "असूदे."

धंदा मात्र बसला. भाकऱ्या उशिरा यायला लागल्या, तिखल्यात तिरफळं नसायची, एकदा सोलकढीत साखर पडली. आणि खरं सांगायचं तर, शिव्यांशिवाय ते जेवण नुसतंच जेवण होतं. वकील मंडळी बसस्टँडकडच्या हॉटेलांत पांगली. मी टिकलो, कारण मला दुसरीकडे कुणी ओळखत नव्हतं.

या सगळ्यात एकच माणूस खूश होतं. वैष्णवी. लग्नानंतर पहिल्यांदा ती स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकू आली. सासूनं तिला 'बाय' म्हणून हाक मारली त्या दिवशी तिनं माहेरी फोन करून ते सांगितलं. पण पावसाळा सरता सरता तिचंही गुणगुणणं थांबलं. मी एकदा हात धुवायला मागं गेलो, तर ती चुलीशेजारी उभी होती आणि काकी बसल्या जागी झोपलेली, हातातला कालथा निखाऱ्यांवर टेकलेला.

"रोज असंच होतं," ती कुजबुजली. "काल पदर पेटता पेटता राहिला. यांना सांगितलं तर म्हणतात, आई आता शांत झालीय, होऊ दे की."

अशातच डॉक्टरीणबाई स्वतः खाणावळीत आल्या. पहाऱ्याचा त्यांचा नियम होता, की बोलावून न आलेल्याच्या घरी जायचं. काकीच्या वाट्याला जायचं त्यांनी बरेच महिने टाळलं होतं. एवढी भीती त्यांना डिगॉक्सिनचीही नसावी. आल्या त्याच तयारीनं. पिशवी छातीशी धरलेली, चष्मा वर सारलेला, भांडणाची दोन-तीन वाक्यं ओठांवर.

"हौसाकाकी, तुम्ही तीन तपासण्या चुकवल्यात. आज तुम्ही मला काहीही बोललात तरी मी..."

काकीनं वर पाहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ये गो बाय. बस. उन्हाची आलीस."

डॉक्टरीणबाई होत्या तिथं थबकल्या. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आनंद सोडाच, त्या पांढऱ्या पडल्या. पिशवी खाली ठेवून त्या काकीजवळ गुडघ्यावर बसल्या आणि मनगट धरलं.

"चाळिशीत आहे नाडी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, कोरडी, जाड. पापण्या पाहिल्या. "काकी, या बाकावर गुडघे टेकून उभ्या राहता का? पाय मागे सोडा."

सतरंजीवरच्या बायका खवळल्या. "अहो, त्या ध्यानात असतात या वेळी!" यमुनाबाई म्हणाल्या.

"मला दोन मिनिटं द्या, मग ध्यान करा." पिशवीत हातोडी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी वैष्णवीकडून लाटणं मागून घेतलं आणि त्याच्या टोकानं काकीच्या टाचेमागच्या शिरेवर हलकेच टोला दिला. निरोगी माणसाचं पाऊल चटकन हलतं आणि चटकन परत जागेवर येतं. काकीचं पाऊल हललं, आणि मग दुपारच्या झोपेतून उठून कूस बदलावी तसं सावकाश, अगदी सावकाश माघारी गेलं. दुसऱ्या पायाचंही तेच.

"हे ध्यान नाही," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. "थायरॉइड ग्रंथी झोपलीय. गोळीनं झोपवलीय."

यमुनाबाईंना ते पटलं नाही. गोळीनं कुठं माणूस संत होतो, असं त्या म्हणाल्या. "होतो की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार दिवस तसाच राहिला तर बेशुद्ध होतो, आणि मग खरोखरच देवाघरी जातो."

अहवाल आला. थायरॉइडचा जो आकडा चार-पाचाच्या आत असायला हवा तो शंभराच्या पुढं होता. फुप्फुसं आणि यकृत सुदैवानं धड होतं. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला, बराच वेळ बोलल्या. ठरलं असं, की घोडा पुन्हा सुटू नये म्हणून जुनी गोळी चालू ठेवायची, पण कमी करून. नाही तरी ती बंद केली तरी महिनोन्महिने अंगात मुरून राहते. आणि ग्रंथीचं काम करणारी थायरॉक्सिनची नवी गोळी द्यायची, अगदी थेंबाथेंबानं वाढवत. एकदम दिली तर हृदयावर ताण येतो.

हे सगळं घरच्यांना सांगताना मीही तिथं होतो. संदेशनं मान हलवली. आत्माराम हसले. वैष्णवी दारापर्यंत डॉक्टरीणबाईंच्या मागोमाग आली.

"डॉक्टर, या गोळीनं आई पहिल्यासारख्या होतील?"

"अगदी पहिल्यासारख्या."

वैष्णवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "थोडी कमी नाही का देता येणार? म्हणजे... अर्ध्यावर थांबता येईल असं?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. "अर्ध्यावर थांबवलं तर अर्ध्याच जाग्या राहतील त्या. चुलीपाशी."

 वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. "मग पुरी द्या," ती म्हणाली. "बोलतात ते बोलूदेत. पदर पेटायला नको."

गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची होती. ती रोज वैष्णवीच द्यायची, आणि काकीनं गिळेपर्यंत समोर उभी राहायची. आपल्या हातानं आपली सासू परत आणायची, तीही पूर्ण ताकदीची, याला काय म्हणावं मला कळत नाही. आमच्या बाररूमचं मत होतं, की शौर्यपदक अशा कामांना द्यायला हवं.

सुधारणा हळूहळू आली. आधी स्वेटर गेला. मग गालांची सूज उतरली आणि यमुनाबाईंना तेज कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. दिवाळी झाली. एक दिवस काकीनं कालवणात बोट बुडवून चाखलं आणि कपाळाला आठी घातली. आम्ही चमचे थांबवले. पण ती काही बोलली नाही, फक्त मीठ घातलं.

शेवटी एका दुपारी पडवीत भजन चाललं होतं. यमुनाबाईंनी वरचा सूर लावला. काकी आतून बाहेर आली, पदर खोचलेला, हातात माशाचं पाणी भरलेलं पातेलं.

"काय गो, कोण मेलंय काय इथं?"

टाळ थांबले.

"माझ्या पडवीत दुपारची रडारड कशाला? उठा! म्हाताऱ्याला परसात मासे साफ करायला लावलानीत आणि तुम्ही इथं बसून बोंबलताय! आणि यमुने, तुझ्या पोरीचं लग्न कधी जमेल म्हणून मला काय विचारतेस? तू तोंड बंद ठेवलंस तर उद्या जमेल!"

बायका सतरंजी तिथंच टाकून गेल्या. ती पुढं बरीच वर्षं भाजी निवडायला वापरात होती. बातमी कोर्टात पोचली तेव्हा एका खटल्यात उलटतपास चालला होता. तो घाईघाईनं आटोपला, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी खाणावळीत बसायला जागा नव्हती. बेलीफ सर्वांत पुढं.

काकीला मधले महिने नीट आठवत होते. मला वाटलं होतं, आठवत नसतील. गर्दी ओसरल्यावर ती माझ्यासमोर बाकावर येऊन बसली. तशी ती कधी बसत नसे.

"मी त्याला बाळा म्हटलं ना रे? त्या बेलिफाला?"

"म्हटलंत."

तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तुम्हांला वाटलं मी शांत झाले. शांत कसली, मेल्या? विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. वर तुम्ही सगळे बोलताय, दिसताय, पण लांब. शिव्या आठवत होत्या रे मला. सगळ्या आठवत होत्या. पण एक तोंडापर्यंत येईस्तोवर माणूस हात धुऊन गेलेला असायचा." ती हाताच्या शिरांकडे बघत राहिली. "आणि पाया पडत होत्या बाया. माणूस बुडतंय, आणि ह्या काठावरून हळदकुंकू टाकतायत. एकीनं तरी दोर टाकायचा ना!"

 तिनं माझं ताट उचललं आणि त्यात उरलेल्या भाताबद्दल माझ्या घराण्याला बोलली. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून तिनं एकही मंगळवार चुकवला नाही. स्वतःची तारीख नसली तरी ती जायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत बसायची आणि येणाऱ्याची हजेरी घ्यायची. "गेल्या खेपेस का नाय आलास? बरं वाटत होतं? मलापण बरंच वाटत होतं, संत झाले होते मी!" न आलेल्यांना निरोप जायचे. कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर, कधी तारखेला आलेल्या पक्षकाराबरोबर. निरोप छोटा असायचा: येत्या मंगळवारी ये, नाहीतर मी येते. डॉक्टरीणबाईंनी इतकी वर्षं फोन केले, पत्रं धाडली, त्यांनी जे जमलं नव्हतं ते या निरोपानं जमायला लागलं. एका निवृत्त हेडमास्तरांनी तक्रार केली. डॉक्टरीणबाईंनी काकीला आत बोलावून रागावायचा प्रयत्न केला.

"काकी, पेशंटला 'मुडद्या' म्हणायचं नाही."

"अजून झाला नाय म्हणूनच म्हणते."

२००५ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमचं घर माडीचं म्हणून आईवडील वाचले. पाणी ओसरल्याचं कळताच मी निघालो, तर काकी आणि डॉक्टरीणबाई जीप घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या. पहाऱ्यावरचे कितीतरी पेशंट चिपळूणचे होते. फोन बंद. कुणाची औषधं वाहून गेली, कुणी काय खातंय, काहीच कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना पूरग्रस्तांत आपण मध्येच लुडबुडतोय असं वाटत होतं. ते वाटणं काकीनं हातखंब्याच्या नाक्यापर्यंतच संपवलं.

आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात कार्डिओग्रामचं यंत्र मांडलं. वीज नव्हती, यंत्र बॅटरीवर. काकी चिखलातून घरोघर हाका मारत फिरली आणि एकेकाला पुढं घालून घेऊन आली. त्यात हरिहर सोहोनी म्हणून एक किराणा दुकानदार होते, अमिओडॅरोनवरचे. दोन दिवस ओकत होते. पुराच्या पाण्यानं पोट बिघडलं, म्हणाले.

"गोळ्या घेताय?"

"माझी डबी गेली वाहून. पण शेजाऱ्याची सापडली. त्यालाही हार्टचंच आहे, मग तीच घेतोय. एकेक वाढीव, खाडा पडला होता ना."

डॉक्टरीणबाईंनी डबी हातात घेतली. डिगॉक्सिन. "तुमच्या अंगात आधीची गोळी अजून आहे हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती असताना ही घेतली, की हिची ताकद दुपटीनं वाढते." यंत्रातून पट्टी बाहेर आली. तिच्यावरचे ठोके इतके लांब लांब पडले होते, की मला अडाण्यालाही कळलं. "आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला चला."

सोहोनी ऐकेनात. दुकानात कंबरभर गाळ, घरात गुडघाभर. बायको एकटी. आपण मेलो तरी चालेल, पण दुकान असं टाकून येणार नाही.

"दुकान कुठलं?" काकीनं विचारलं.

त्यांनी हात केला.

"हा शारदूल उपसतो. मी पण राहते. तू जीपमध्ये बस, मुडद्या."

ते बसले. जीप गेली. मी आईवडिलांना तोंड दाखवून आलो आणि फावडं घेतलं. काकीनं साडी वर खोचली, घमेलं उचललं. ती आणि सोहोनींची बायको गाळ बाहेर टाकत होत्या, मी भरून देत होतो. काकी दर थोड्या वेळानं थांबून आपल्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, ओठ हलवत मोजायची, आणि पुन्हा घमेलं उचलायची. डाळी कुजल्याचा वास नाकात इतका बसला, की पुढं कित्येक दिवस मला वरण गेलं नाही.

सोहोनी आठवड्यानं परत आले, बारीक होऊन, पण स्वतःच्या पायांनी. दुकानात शिरून त्यांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि बायकोला म्हणाले, "तराजू कुठं ठेवलायस? आणि त्या फळीमागचा गाळ कुणी काढायचा?"

पुढच्या मंगळवारी ते रत्नागिरीला पहिल्या गाडीनं आले. नवीन डबी आणली होती. तिच्यावर बायकोनं रंगीत खडूनं त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि खाली: शेजाऱ्यांनी हात लावू नये.